मिनिटाचा दर आणि महिन्याचे बिल: आंबा हंगामातल्या दुबई कॉलचा प्रकरण अभ्यास

रत्नागिरी तालुक्यात पावस ते पूर्णगड या किनारपट्टीवरचे एक बागायतदार कुटुंब. दोघे भाऊ, वडिलोपार्जित हापूसची कलमे, बागेलगत पॅकिंगची शेड. बराचसा माल वाशीला जातो, पण निवडक फळ एका निर्यातदारामार्फत दुबईतल्या दोन व्यापाऱ्यांकडे पोहोचते. फळाच्या दराची बोलणी, किती पेट्या, कुठल्या विमानाने, फळ किती पिकलेले हवे, हे सगळे फोनवर ठरते. हंगामात दिवसाला चार-पाच कॉल सहज होतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर काम भागत नाही, कारण संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश, फोटो आणि ध्वनिसंदेश चालतात, कॉल चालत नाही. तिथल्या दूरसंचार नियामकाने परवानगी दिलेल्या मोजक्या सेवांवरूनच इंटरनेट कॉल करता येतो. म्हणून धाकट्या भावाने इंटरनेटवरून थेट दुबईच्या मोबाइल नंबरला फोन लावून देणाऱ्या तीन सेवांचे दर पाहिले. मिनिटाला १६ सेंट, १८.५ सेंट आणि १४.५ सेंट. त्याने अर्थातच १४.५ ची सेवा घेतली. महिन्याभरात प्रत्यक्ष बोलणे २३० मिनिटे झाले. २३० गुणिले १४.५ म्हणजे ३३ डॉलर ३५ सेंट व्हायला हवेत. खात्यातून गेले ५१ डॉलर ८ सेंट, म्हणजे दीडपटीहून जास्त.

या लेखातले दर हिशोबासाठी धरलेले आहेत, कुठल्याही कंपनीच्या आजच्या पत्रकातले नाहीत. सेवांना अ, ब, क म्हटले आहे. कॉलची संख्या आणि लांबीही हिशोब डोळ्यांसमोर राहावा म्हणून गटांत बांधून घेतली आहे. हिशोबाची रीत मात्र कुठल्याही सेवेला तशीच लागू पडते.

आधी कॉलची यादी

दरपत्रक उघडण्याआधी आपल्या कॉलची यादी काढायची. जवळजवळ प्रत्येक सेवेच्या खात्यात कॉलचा तपशील मिळतो: तारीख, नंबर, किती सेकंद, किती पैसे. तो नसेल तर मोबाइलमधली कॉलची नोंद पाहावी. या घरच्या एप्रिल महिन्याचे १२० कॉल चार गटांत पडले.

चाळीस कॉल साधारण २० सेकंदांचे: "गाडी सुटली", "कागद पाठवले, बघा", "आज माल नाही". पन्नास कॉल ७० सेकंदांच्या आसपास, म्हणजे भाव विचारणे आणि पेट्या सांगणे. वीस कॉल ३ मिनिटे १० सेकंदांचे. आणि दहा कॉल साडेनऊ मिनिटांचे, ज्यांत डागी फळाची तक्रार किंवा मागच्या बिलाची वजावट असा विषय असतो.

सेकंदांत मांडले तर ८००, ३,५००, ३,८०० आणि ५,७००. बेरीज १३,८०० सेकंद, म्हणजे बरोबर २३० मिनिटे. पण कॉल "पूर्ण मिनिटाने" मोजणारी सेवा २० सेकंदांचे १ मिनिट धरते, ७० सेकंदांची २ मिनिटे, १९० सेकंदांची ४ आणि ५७० सेकंदांची १०. मग तीच बेरीज ४० अधिक १०० अधिक ८० अधिक १००, म्हणजे ३२० मिनिटे होते. न बोललेली ९० मिनिटे बिलात आली ती अशी. धाकट्या भावाने घेतलेल्या क सेवेत याच्या जोडीला प्रत्येक कॉलमागे ३.९ सेंट जोडणी शुल्क होते, आणि ते दराच्या मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात होते.

| सेवा | छापील दर, सेंट प्रति मिनिट | मोजणी | जोडणी शुल्क | महिन्याचे बिल, डॉलर |
|---|---|---|---|---|
| अ | १६.० | पूर्ण मिनिट | नाही | ५१.२० |
| ब | १८.५ | सेकंद | नाही | ४२.५५ |
| क | १४.५ | पूर्ण मिनिट | ३.९ सेंट | ५१.०८ |

छापील दर सर्वांत जास्त असलेली ब सेवाच या घराला सर्वांत स्वस्त पडते. बोललेल्या खऱ्या मिनिटावर भागून पाहिले तर अ आणि क दोन्हींचा दर २२ सेंटांच्या वर जातो. नुसते "गाडी सुटली" म्हणणारे चाळीस कॉल घेतले तर ब मध्ये २ डॉलर ४७ सेंट, अ मध्ये ६ डॉलर ४० सेंट आणि क मध्ये ७ डॉलर ३६ सेंट. तेच शब्द, तेवढाच वेळ, आणि तिप्पट पैसे.

म्हणून ब सरसकट चांगली, असे मात्र नाही. शेजारच्या घरात मुलगा शारजाला आहे आणि आई त्याच्याशी आठवड्यातून एकदा नऊ-साडेनऊ मिनिटे बोलते. तिच्या एका कॉलला क मध्ये १४८.९ सेंट पडतील, अ मध्ये १६० आणि ब मध्ये पावणेदोन डॉलर. तिच्यासाठी क योग्य. दर तेच, सेवा त्याच, पण कॉलची लांबी बदलली की उत्तर उलटते. दुसऱ्याने सुचवलेली "सगळ्यात स्वस्त" सेवा डोळे मिटून घेऊ नये ती यासाठीच.

मोजणीचा प्रकार पत्रकात बहुधा दोन आकड्यांनी लिहिलेला असतो. ६०/६० म्हणजे पूर्ण मिनिट. १/१ म्हणजे सेकंद. ३०/६ म्हणजे पहिली ३० सेकंदे पूर्ण धरणार आणि पुढे सहा-सहा सेकंदांनी वाढवणार. ब ची मोजणी ३०/६ असती तर याच कॉलची २३९ मिनिटे झाली असती आणि बिल ४४ डॉलर २२ सेंट आले असते, म्हणजे फार फरक नाही. आणखी एक बारकावा आहे. काही सेवा सेकंदाने मोजतात, पण प्रत्येक कॉलची रक्कम पुढच्या पूर्ण सेंटावर नेतात. ब ने तसे केले असते तर ४२.५५ चे ४३.२० झाले असते. ६५ सेंटांसाठी सेवा बदलू नये, पण हिशोब का जुळत नाही हे यातून कळते.

नंबरच्या पहिल्या आकड्यांवर दर

"यूएई, अमुक सेंट" अशी एकच ओळ पाहून थांबू नये. कंपनीचे यंत्र नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून दर ठरवते, आणि पत्रकात जुळणारा सर्वांत लांब उपसर्ग लागू होतो. +९७१ ४ ने सुरू होणारा दुबईचा लँडलाइन, +९७१ ५० ते ५८ या घरातले मोबाइल, आणि ६०० ने सुरू होणारे व्यावसायिक क्रमांक यांचे दर वेगळे असू शकतात. त्यातले ६०० चे क्रमांक परदेशातून अनेकदा लागतही नाहीत. काही पत्रकांत एतिसलात आणि डू या दोन मोबाइल कंपन्यांनाही स्वतंत्र ओळी असतात.

ब्रिटनला माल किंवा माणूस असलेल्यांनी जास्त जपावे. +४४ ७ दिसले म्हणजे मोबाइल असे आपण धरून चालतो, पण +४४ ७० हे "वैयक्तिक क्रमांक" आहेत. +४४ ७६२४ हा आइल ऑफ मॅनचा, ७७८१ ग्वेर्नसीचा आणि ७७९७ जर्सीचा. यांचे दर साध्या ब्रिटिश मोबाइलच्या कितीतरी पट असू शकतात. उपाय सोपा आहे: देशाचे नाव न शोधता, ज्यांना फोन करायचा तो पूर्ण नंबरच सेवेच्या दर-शोधात टाकावा. तशी सोय नसेल तर दरपत्रकाची पूर्ण फाइल मागवावी.

डॉलरचे रुपये होताना

४२.५५ डॉलर, १ डॉलरला ८५ रुपये धरले तर ३,६१७ रुपये. पण बँकेच्या विवरणपत्रात हा आकडा दिसणार नाही. परदेशी ऑनलाइन सेवेवर १८ टक्के जीएसटी लागला की ४,२६८ होतात. बहुतेक कार्डे परकी चलनाच्या व्यवहारावर वर काही टक्के घेतात. ते ३.५ टक्के असतील तर त्यावरच्या जीएसटीसह ४.१३ टक्के, म्हणजे आणखी १७६ रुपये. एकूण ४,४४४. छापील दरापेक्षा जवळपास २३ टक्के जास्त.

त्यामुळे रुपयांत बिल देणाऱ्या देशी कंपनीशी किंवा मोबाइल कंपनीच्या आयएसडी पॅकशी तुलना करायची तर ती ४,४४४ शी करावी, ३,६१७ शी नव्हे. पॅकचा खरा दर काढताना पॅकची किंमत भागिले आपण त्यातली प्रत्यक्ष वापरलेली मिनिटे असे करावे. फुकट गेलेली मिनिटे स्वस्ताईत धरू नयेत. एप्रिल-मेच्या गर्दीत पॅक कधीकधी खरोखर स्वस्त पडतो. मार्चमध्ये, नुसती बोलणी सुरू असताना, सहसा पडत नाही.

स्वस्त मार्गाची परीक्षा

दर जुळला तरी कॉल नीट पोहोचतो का, हे वेगळे पाहावे लागते. कंपनी स्वतः दुबईपर्यंत तार टाकत नाही. ती आपला कॉल घाऊक व्यापाऱ्यांच्या साखळीतून पुढे देते, आणि ही साखळी लांबली की कॉल बिघडू लागतो. मोठा भरणा करण्याआधी सर्वांत लहान रकमेचा रिचार्ज घेऊन पुढील गोष्टी तपासाव्यात. याला अर्धा तास पुरतो.

पहिली, आणि सर्वांत महत्त्वाची: कॉल उचलण्याआधीच पैसे लागतात का? पलीकडच्या माणसाला आधी संदेश पाठवून सांगावे की पहिला फोन अर्धा मिनिट वाजू द्या, उचलू नका. मग फोन लावावा. अ‍ॅपमधले घड्याळ रिंग वाजत असतानाच धावू लागले, किंवा नंतर खात्यातून पैसे गेलेले दिसले, तर त्या मार्गावर खोटे उत्तर नोंदवले जात आहे. साखळीतला कुणीतरी मधल्या मधे पैसे खातो, आणि कित्येकदा आपल्या कंपनीलाही त्याचा पत्ता नसतो. तक्रार करताना तारीख, वेळ आणि नंबर द्यावा. चांगली कंपनी मार्ग बदलते आणि पैसे परत करते. तसे न करणारी सोडावी.

दुसरी, पलीकडे नंबर कोणता दिसतो. व्यापाऱ्याला त्याच्या पडद्याचा फोटो पाठवायला सांगावे, आणि असे निदान पाच कॉल करावेत. कधी भारताचा, कधी भलत्याच देशाचा, कधी "अज्ञात" असे दिसत असेल तर तो फोन उचलणार नाही. दुबईतल्या अल अवीरच्या फळबाजारात सकाळच्या घाईत अनोळखी नंबर घ्यायला कुणाला सवड असते? काही कंपन्या एकाच देशासाठी दोन दर देतात, नंबर पोहोचण्याची हमी असलेला आणि नसलेला. व्यवसायासाठी पहिलाच घ्यावा. न उचललेल्या कॉलमुळे चुकलेला भाव दोन-तीन सेंटांनी भरून येत नाही.

तिसरी, नंबर लावल्यापासून रिंग ऐकू येईपर्यंतचा वेळ. आठ-दहा सेकंद लागत असतील तर कॉल अनेक हात बदलत जातो आहे. चौथी, दोघांच्या बोलण्यातला उशीर. आवाज एका बाजूने दुसरीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्याच्या बराच वर गेला की दोघे एकमेकांचे वाक्य तोडू लागतात, आणि भावाच्या बोलणीत ते महागात पडते. परीक्षा एकाच वेळी न करता सकाळी आणि संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान करावी, कारण तेव्हा टॉवरवर गर्दी असते. दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे, आणि २०२२ पासून तिथली साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारची आहे. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ सोडून फोन करावा.

घराची बाजू

या प्रकरणात आवाज तुटण्याचे खापर प्रथम कंपनीवर फुटले होते. मूळ कारण निघाले घरातच. राउटर ओटीवरच्या खोलीत, फोन पॅकिंग शेडमध्ये, आणि मध्ये चिऱ्याच्या दोन जाड भिंती. जांभ्याचा चिरा वायफायला फार अडवतो, आणि पावसाळ्यात ओला असला की आणखीच. शेडपर्यंत नेटवर्कची केबल ओढून तिथे दुसरा छोटा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवल्यावर आवाज सुधारला. मोबाइल डेटावर अवलंबून असणाऱ्यांचे दुखणे वेगळे: सड्यावर चार दांड्या, खाली वाडीत एक. तिथे फोन खिडकीपाशी ठेवून हेडफोन लावणे हाच खरा उपाय.

कॉलला डेटा फार लागत नाही. जी.७११ या कोडेकला, म्हणजे आवाज डेटात बदलण्याच्या एका रीतीला, एका दिशेने ८० किलोबिट प्रति सेकंद लागतात, दोन्ही दिशा धरून मिनिटाला साधारण १.२ एमबी. जी.७२९ ला २४ किलोबिट, म्हणजे मिनिटाला ०.३६ एमबी. २३० मिनिटांना जी.७११ वरही २७६ एमबीच लागतील. वेगापेक्षा सातत्य महत्त्वाचे आहे. शंभर पिंग, म्हणजे जोडणी तपासणारे छोटे संदेश, पाठवून पाहावे. एकाहून जास्त हरवत असतील किंवा उत्तराची वेळ ३० मिलिसेकंदांहून जास्त खालीवर होत असेल, तर शब्द गिळले जाणार. फायबर असेल तर जी.७११ ठेवावे. सिग्नल अशक्त असेल तर जी.७२९, किंवा सेवा देत असेल तर ओपस हा कोडेक.

फोन लागतो, पण एकाच बाजूचा आवाज येतो, ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार. सिप खाते, म्हणजे वेगवेगळ्या कॉलिंग अ‍ॅपमध्ये भरता येणारे इंटरनेट फोनचे खाते, वापरत असाल तर राउटरमधली "सिप एएलजी" ही सोय बंद करावी. ती नावाला मदतनीस आहे, पण पत्ते चुकीचे बदलून आवाजाचा रस्ता तोडते. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टन (राउटरमागच्या फोनला त्याचा बाहेरचा पत्ता कळवणारी सोय) चालू करावे आणि जोडणीचा प्रकार यूडीपीऐवजी टीसीपी किंवा टीएलएस निवडावा. येणारे कॉल वाजतच नसतील तर अँड्रॉइडची बॅटरी-बचत त्या अ‍ॅपसाठी बंद करावी. विमान कंपनीच्या मालवाहू विभागाच्या यंत्राला "१ दाबा, २ दाबा" समजत नसेल, तर बटणांचे सूर आवाजातून न पाठवता आरएफसी २८३३ या पर्यायाने पाठवावेत. जी.७२९ वर आवाजातून गेलेले सूर विकृत होतात.

वीज गेली की फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही बंद पडतात. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस दोघांना पुरतो. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा उत्तर रत्नागिरी आणि रायगडात खांब, तारा आणि टॉवर एकत्रच गेले. अशा वेळी कुठलेही अ‍ॅप कामाचे नाही. तातडीच्या ११२ साठी इंटरनेट कॉलवर कधीही विसंबू नये, त्यासाठी साधे सिम चालू ठेवावे, जमल्यास घरातली दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांची.

कायद्याची कड

भारतात इंटरनेट टेलिफोनी १ एप्रिल २००२ पासून खुली झाली. संगणकावरून परदेशी फोनला कॉल करायला तेव्हापासून मुभा आहे, आणि २०१८ पासून परवानाधारक देशी कंपन्यांना अ‍ॅपवरून देशातही फोन जोडून देता येतो. परदेशी सेवेवरून वाशीच्या दलालाला फोन मात्र करू नये. तो आंतरराष्ट्रीय कॉल म्हणून येतो, आणि नंबरच्या जागी आपला +९१ मोबाइल दाखवायला लावला असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून सुरू असलेल्या यंत्रणेत तो खोटा नंबर म्हणून अडवला जाण्याची शक्यता असते. शिवाय मोबाइल पॅकमध्ये देशातले बोलणे मोफत असताना त्याची गरजही नाही.

याहून गंभीर प्रकार किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत असावा. कुणी येऊन सांगतो, "तुमच्याकडे इंटरनेट आहे, एक डबा बसवू द्या, त्यात काही सिम राहतील, महिन्याला भाडे देतो." तो सिमबॉक्स असतो. परदेशातून आलेले कॉल तो इथल्या सिमवरून स्थानिक कॉल म्हणून सोडतो. परदेशी कॉल उतरवून घेण्यासाठी भारतीय कंपनीला मिनिटाला ३५ ते ६५ पैसे आकारता येतात, देशातल्या कॉलसाठी २०२१ पासून शून्य. हा फरक खिशात घालण्यासाठी हा सगळा खटाटोप. दूरसंचार अधिनियम २०२३ च्या कलम ४२ प्रमाणे विनापरवाना सेवेला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पोलिस प्रथम येतील ते ज्याच्या घरात डबा आहे त्याच्याकडे.

शिल्लक आणि शेवटची मांडणी

अनेक सेवांत १८० दिवस कॉल झाला नाही की शिल्लक जाते. आंबा व्यवसायाला हा नियम नेमका बाधतो. १० जूनला शेवटचा कॉल झाला तर १८० दिवस ७ डिसेंबरला भरतात. मोहोर दिसू लागतो आणि शिल्लक गेलेली असते. म्हणून दिवाळीत दोन्ही व्यापाऱ्यांना शुभेच्छांचा एक छोटा, पैसे लागणारा कॉल करावा, मुदत पुन्हा सुरू होते. हंगामाच्या शेवटी मोठा रिचार्ज टाळावाच. एवढे मोठे नाव असलेले स्काइपही ५ मे २०२५ ला बंद झाले, आणि त्याआधीच क्रेडिटची नवी विक्री थांबली होती. पंचवीस डॉलर भरून पन्नासचे आमिष घेण्यापेक्षा दहा-दहा डॉलर वरचेवर भरलेले बरे.

या घराने शेवटी काम दोन भागांत वाटले. दहा लांब कॉल बोटिम या इंटरनेट कॉलच्या अ‍ॅपवर गेले. त्याला अमिरातीत परवानगी आहे आणि दोन्ही व्यापाऱ्यांकडे ते आधीपासून होते. उरलेले ११० कॉल, म्हणजे १३५ मिनिटे, ब सेवेवर राहिले. त्यांचे बिल २४ डॉलर ९८ सेंट. तेच कॉल अ वर ३५ डॉलर २० सेंटांना आणि क वर ३६ डॉलर १९ सेंटांना पडले असते. लांब कॉल वगळल्यावर पूर्ण मिनिटाची मोजणी जास्तच टोचते, कारण उरलेल्या कॉलच्या बिलात फुकट जाणाऱ्या सेकंदांचा वाटा वाढतो.

हाच हिशोब आता फेब्रुवारीत, पहिल्या पेटीच्या आधी वहीत पुन्हा मांडायचा आहे, कारण दरपत्रक वर्षभर तेच राहत नाही. मागच्या हंगामाचे कॉल डावीकडे, आजचे दर आणि मोजणी उजवीकडे, आणि खाली कार्डाच्या विवरणपत्रातला रुपयांचा खरा आकडा.